‘मंगल’ अक्षरांचे आर. के.

आमच्या बचत गटाच्या हिशेबासाठी एक टॅब घ्यायचा, असं बैठकीत ठरलं आणि तो निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर मी गोंडपिपरीत गेली पंचवीस वर्षं टायपिंगची कामं करते. अर्ज, लग्नपत्रिका, ग्रामसभेचे ठराव, पोरांची प्रोजेक्टं, सगळं काही. म्हणजे कॉम्प्युटरमधलं मलाच कळणार, असा साऱ्याजणींचा समज! मग काय, एका सकाळी गटातल्या दोघींना घेऊन चंद्रपूरची बस पकडली.

दुकानातल्या मुलाने तीन टॅब समोर मांडले. एकाचा कॅमेरा भारी, एकाची मेमरी जास्त, एक सगळ्यांत स्वस्त. तो भराभर आकडे सांगत होता. मी म्हटलं, बाबा, ते राहू दे, यात मराठी लिहिता येईल असं पान उघडून दे. त्याने उघडलं आणि मी तिन्हींवर एकच ओळ लिहून पाहिली : लाल शालू, कर्तृत्व, आचाऱ्यांना. तो मुलगा हसायलाच लागला. बैल घेताना दात बघतात तशी ही बाई टॅबचं काय बघते आहे, असं त्याला वाटलं असावं.

पण मैत्रिणींनो, ही परीक्षा मी उगाच घेत नव्हते. मशीन कितीही चकचकीत असलं, तरी आपली अक्षरं त्याच्यावर नीट बसतात की नाही, हे कोणीतरी आधी ठरवलेलं असतं. आपण बोट लावतो आणि क उमटतो, तेव्हा तो आकाशातून पडत नाही. कोणीतरी बसून त्याचा गोल, त्याचा दांडा, त्याची शेपटी काढलेली असते. आपल्याकडच्या लाखो कॉम्प्युटरवर हे काम ज्यांच्या हातून झालं, ते गृहस्थ मराठी होते. रघुनाथ कृष्ण जोशी त्यांचं नाव. कला आणि छपाईच्या क्षेत्रात त्यांना सगळे आर. के. म्हणून ओळखत.

आर. के. यांचा जन्म १९३६चा. म्हणजे पाटी-पेन्सिल, बोरू आणि दौतीच्या पिढीतले. बोरूचं टोक तिरपं कापलेलं असतं. म्हणून हात एका बाजूला वळला की रेघ जाड येते, दुसऱ्या बाजूला वळला की बारीक. देवनागरी अक्षराचं जे डौलदार वळण आपण सुंदर म्हणतो, ते त्या तिरप्या टोकातून आलेलं आहे. ज्याचा हात अशा लेखणीवर बसला, त्याला अक्षर हे नुसतं वाचायचं चिन्ह वाटत नाही. त्याला त्यात शरीर दिसतं, चाल दिसते. आर. के. यांना ती दिसत होती.

मुंबईच्या सर जे. जे. मध्ये त्यांनी उपयोजित कलेचं शिक्षण घेतलं आणि जाहिरातीच्या धंद्यात शिरले. पुढे उल्का या नावाजलेल्या जाहिरात संस्थेत ते कला दिग्दर्शक झाले. तो काळ डोळ्यांसमोर आणा. जाहिराती आधी इंग्रजीत तयार व्हायच्या आणि मग घाईघाईने त्यांचं मराठी, हिंदी, गुजराती व्हायचं. इंग्रजीसाठी टायपांचे शेकडो प्रकार हाताशी, आणि देवनागरीसाठी बोटांवर मोजण्याएवढे! ही तफावत रोज समोर दिसायची. एखादा दुसरा असता तर पगार घेऊन गप्प बसला असता. या माणसाने मात्र आयुष्यभर तेच काम धरून ठेवलं.

ते कवीही होते बरं का! पण त्यांची कविता नुसती वाचायची नसे, बघायचीही असे. लोकांसमोर उभं राहून मोठमोठ्या कागदांवर ते अक्षरं लिहीत. पाहणारे म्हणत की गाण्याची बैठक ऐकावी तशी ती अक्षरं बघावीत. भारतातल्या सगळ्या भाषांना एकत्र लिहिता येईल अशी ‘देशनागरी’ नावाची लिपी त्यांनी कल्पून काढली होती. ती काही रूढ झाली नाही. पण आपल्या देशातल्या लिप्या एकमेकींच्या बहिणी आहेत, ही जाण त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

आता जरा आपल्या अक्षरांची अडचण समजून घेऊ या. इंग्रजीत सव्वीस अक्षरं, मोठी-लहान धरली तर बावन्न. एकापुढे एक ठेवली की शब्द तयार. आपलं तसं नाही. वर मात्रा, खाली उकार, पुढे काना, मागे वेलांटी, डोक्यावर रफार. त्यात जोडाक्षरं! जुन्या छापखान्यात म्हणूनच मराठी मजकुराला शिशाचे शेकडो खिळे लागायचे आणि जुळाऱ्यांची बोटं त्या खणांमधून दिवसभर नाचायची.

टायपरायटर आला तेव्हा मशीनपुढे अक्षरांना माघार घ्यावी लागली. कळा थोड्या, एका कळेवर दोन चिन्हं, म्हणजे सगळी मिळून नव्वदच्या आसपास. मग काय केलं, तर अर्धी अक्षरं ठेवली आणि त्यांना काना लावून पूर्ण करायची युक्ती काढली. अर्धा ग आणि काना मिळून ग! मी चंद्रपूरला मराठी ३०ची परीक्षा दिली ती याच मशीनवर. करंगळी दुखेस्तोवर सराव केला होता. पण तिथला शब्द कधी डोळ्यांना गोड वाटला नाही. मात्रा एकीकडे, रफार भलतीकडे. मशीनला जमतं तेवढंच मराठी, असा तो करार होता.

आर. के. यांना हा करारच मान्य नव्हता. मशीनने आपल्या लिपीप्रमाणे वागावं, लिपीने मशीनप्रमाणे नाही, ही गोष्ट त्यांनी मनाशी पक्की केली. ल. श्री. वाकणकरांसारख्या थोर लिपीकारांनी या दिशेने आधीच वाट पाडली होती. १९८०च्या दशकात जाहिरातीतली मोठी जागा सोडून आर. के. पवईच्या आय. आय. टी.त इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवायला गेले. त्यांनी मुलांना अक्षर बघायला शिकवलं, आणि स्वतः कॉम्प्युटर समजून घेतला. तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीसच्या पुढे गेलेलं. या वयात आपल्याला साधा नवा मोबाइल हातात घ्यायचा तर धडकी भरते! पण हा बोरूचा माणूस इंजिनियर लोकांच्या शेजारी जाऊन बसला. जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी नावाची सरकारी संस्था होती. तिथल्या तज्ज्ञांबरोबर अक्षरांचं गणित कसं मांडायचं, यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं.

तिकडे बाजारात मात्र वेगळीच शर्यत लागली होती. १९९०च्या दशकात मराठी फॉन्ट विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांनी मोठं काम केलं, हे मान्यच. छापखाने, वर्तमानपत्रं त्यांच्यामुळेच कॉम्प्युटरवर आली. पण प्रत्येकाने आपापली कुलपं लावली. एका कंपनीने क ज्या क्रमांकावर ठेवला, तिथे दुसरीने भलतंच चिन्ह ठेवलेलं. सॉफ्टवेअर चोरीला जाऊ नये म्हणून कॉम्प्युटरच्या मागे एक लहानशी डबी लावावी लागे, तिला डोंगल म्हणत. डबी नाही तर मराठी नाही! स्पर्धेत माल स्वस्त आणि चांगला होतो असं आपण ऐकतो. इथे मात्र तुमचंच लिहिलेलं दुसऱ्याच्या मशीनवर वाचता येईना, अशी गत झाली.

याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका गटाच्या कर्जाची कागदपत्रं मी टाइप केली आणि यादी फ्लॉपीत घालून दिली. जिथे ती द्यायची होती तिथला फॉन्ट वेगळा. उघडली तर बायकांच्या नावांच्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा पाला. तिथल्या माणसाने कागदावरून घाईघाईत पुन्हा टाइप केलं आणि एका ताईच्या आडनावावर एक अनुस्वार जास्त पडला. एवढंच. एक टिंब! पण कागदावरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळेना. धान कापणीच्या दिवसांत मजुरी बुडवून ती बाई तीन खेपा हेलपाटे घालत राहिली. ती मला एका शब्दाने बोलली नाही. पण माझ्या मनातून ते टिंब आजवर गेलेलं नाही.

या गोंधळावर उपाय जगात शोधला जात होता. त्याचं नाव युनिकोड. १९९१मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीलाही जागा मिळाली. कल्पना अगदी सोपी आहे. जगातल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक द्यायचा. आपल्या क चा क्रमांक २३२५. मशीन कोणत्याही कंपनीचं असो, गोंडपिपरीत असो की लंडनमध्ये, २३२५ म्हणजे क. आधारकार्डाचा नंबर कसा माणसाबरोबर सगळीकडे जातो, तसंच हे.

पण नंबर मिळाला म्हणून चेहरा मिळत नाही. पडद्यावर क दिसायचा तर कोणीतरी तो काढायला हवा. आणि क च्या खाली ष आला तर क्ष करायचा, र डोक्यावर कधी चढवायचा, वेलांटी कुठे सरकवायची, हे सगळे नियम फॉन्टमध्ये भरायला हवेत. मोठमोठ्या कंपन्यांची नजर तोवर भारताच्या बाजारावर पडली होती. ॲपलने मॅकिंटॉशसाठी भारतीय भाषांचा संच काढला होता, पण तो वेगळा विकत घ्यावा लागे. मायक्रोसॉफ्टने देवनागरी आणि तमिळ थेट विंडोजमध्येच घालायचं ठरवलं. ती अक्षरं काढण्याचं काम आर. के. जोशी आणि एनसीएसटीमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांकडे आलं. २००० साली विंडोज २००० बाजारात आलं. त्यातल्या देवनागरी फॉन्टचं नाव होतं ‘मंगल’ आणि तमिळचं ‘लता’. पुढच्या वर्षी विंडोज एक्सपीत गुजरातीसाठी श्रुती, तेलुगूसाठी गौतमी, कन्नडसाठी तुंगा आणि गुरुमुखीसाठी रावी आले. याही अक्षरांमागे आर. के. यांचंच मार्गदर्शन होतं. बघा, नावंसुद्धा कशी लेकी-सुनांसारखी आणि नद्यांसारखी आहेत!

मंगल काढताना त्यांच्यापुढे काय प्रश्न असतील, ते आपल्याला रांगोळीवरून कळेल. कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. त्या काळच्या पडद्यावर नेहमीच्या आकाराच्या अक्षराला उंचीत जेमतेम सोळा ठिपके मिळत. तुम्हाला सोळा ठिपके दिले आणि त्यात मोर काढा, वर तुरा आणि खाली पायही दिसले पाहिजेत, असं सांगितलं तर? तसंच ते. मात्रा, अनुस्वार वर मावायला हवेत, उकार खाली कापला जाता कामा नये, आणि पोटातल्या मोकळ्या जागा बुजल्या तर ध आणि घ एकच दिसणार. म्हणून बोरूचं जाड-बारीक वळण जिवापाड जपणाऱ्या माणसाने मंगलमध्ये रेघा जवळजवळ सारख्या जाडीच्या ठेवल्या. डौल थोडा कमी झाला, वाचणं सोपं झालं. कागदावरचे कलावंत कधीकधी नाक मुरडत की मंगल देखणा नाही. नसेल! पण तो शाळेच्या वर्गातल्या, तहसिलीतल्या आणि माझ्यासारखीच्या जुन्या धुरकट पडद्यावर वाचता यायचा. घरातली पंक्तीची भांडी आणि रोजची भांडी वेगळी असतात ना, तसंच.

माझ्यासारख्या टायपिस्टला आणखी एक बदल जाणवला. पूर्वी कि लिहायचा तर आधी वेलांटी मारायची आणि मग क, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडच्या नव्या पद्धतीत तोंडाने जसं म्हणतो तसं लिहायचं, आधी क, मग वेलांटी. ती आपोआप मागे जाऊन बसते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी चार वेळा तेच अक्षर लिहून बघितलं होतं! मशीनला आता आपली रीत कळत होती.

एक उणीव मात्र सांगायलाच हवी. मंगल साऱ्या देवनागरी भाषांसाठी होता. त्यामुळे त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे. आपल्या बालभारतीतला पाकळ्यांचा ल आणि गाठीचा श त्यात सहज येत नसत. मराठी माणसाने काढलेल्या फॉन्टमध्ये मराठीचाच ल नसावा, याची चुटपुट अनेकांना लागली. २००९मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवणारा निर्णय काढला आणि त्यात मराठी वळणाच्या ल-श ला मान मिळाला. त्यानंतर मुंबईच्या एक टाइपसारख्या संस्थांतल्या तरुण मंडळींनी मोफत वापरता येतील असे सुंदर देवनागरी फॉन्ट काढले.

मोफतवरून आठवलं. मंगल विंडोजबरोबर येई. पण ज्यांच्याकडे विंडोज नाही त्यांचं काय? आर. के. यांनी काढलेला ‘रघू’ नावाचा देवनागरी फॉन्ट एनसीएसटीने कोणालाही विनामूल्य वापरता येईल असा खुला करून दिला. मोठी कंपनी असो नाहीतर फुकटचं लिनक्स वापरणारा विद्यार्थी, अक्षर दोघांच्याही हातात गेलं पाहिजे. कुलपांच्या बाजारात हे त्यांचं वेगळेपण मला फार मोठं वाटतं.

शेवटच्या वर्षांत ते वेदांच्या लिपीकडे वळले. वेदमंत्रांत स्वर वर-खाली दाखवायला अक्षरांवर बारीक खुणा असतात, आणि त्या शाखेशाखेत वेगळ्या. त्या साऱ्या खुणा कॉम्प्युटरवर याव्यात म्हणून ते धडपडत होते. २००९मध्ये युनिकोडमध्ये वैदिक चिन्हांचा स्वतंत्र गट आला. पण तो बघायला आर. के. नव्हते. ५ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को इथे त्यांचं निधन झालं.

टॅबचं युगही त्यांनी पाहिलं नाही. २०१०मध्ये ॲपलचा आयपॅड आला आणि त्याच्या मागोमाग अँड्रॉइडच्या टॅबांची झुंबड उडाली. २०११च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आपला स्वस्तातला ‘आकाश’ टॅब मोठ्या थाटात निघाला. किंमत, पडदा, बॅटरी, वजन, यांवर कंपन्यांची चढाओढ चालली. पण सुरुवातीच्या बऱ्याच अँड्रॉइड मशीनवर मराठी उघडलं की नुसते चौकोन दिसायचे! देवनागरी अँड्रॉइडमध्ये मुळातून आली ती २०११च्या अखेरीस, ४.० या आवृत्तीत. म्हणजे दहा-अकरा वर्षांपूर्वी विंडोजवर सुटलेला प्रश्न नव्या शर्यतीत पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागला. मशीन बदललं की आपली भाषा रांगेत पुन्हा शेवटी जाते, हा धडा त्यातून घ्यायचा.

आणि अक्षरं आत असूनही भागत नाही. २०२१च्या ऑगस्टमध्ये आपल्या राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते, आठवतं ना? फोन कमी ताकदीचे ही एक तक्रार होती, आणि पोषण ट्रॅकर हे ॲप मराठीत नाही, ही दुसरी. त्या प्रत्येक फोनमध्ये देवनागरी अक्षरं झोपलेली होती. ती वापरायची की नाही, हे ठरवणाऱ्याला गावात बसून लेकराचं वजन नोंदवणारी बाई दिसली नव्हती. आर. के. यांना सोळा ठिपक्यांतसुद्धा वाचणाऱ्याचे डोळे दिसत होते. फरक तेवढाच, आणि तेवढाच सगळा.

तर आमच्या टॅबचं काय झालं? भारी कॅमेऱ्याच्या टॅबवर ऱ्य चा तो अर्धा र सापडेचना, तो दुसऱ्या कळेखाली दडवून ठेवलेला. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा खुणेने काय बिघडतं? बिघडतं ना! आचार्यांना म्हणजे गुरुजींना, आणि आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक्यांना. आमच्या गटाची जेवणाची ऑर्डर आचार्यांच्या नावाने गेली तर पंगत उपाशीच उठायची! स्वस्तातल्या टॅबवर उकार खालच्या रेघेला जाऊन चिकटत होते. मधल्या टॅबवर भाषा मराठी केली आणि लाल शालूमधला ल छान पाकळ्यांचा उमटला. तोच घेतला.

घरी येताना बसमध्ये गटातली ती ताई शेजारी होती, टिंबाची. तिने टॅब मांडीवर घेतला आणि एका बोटाने, सावकाश, स्वतःचं नाव आणि आडनाव लिहिलं. कोठारी आलं तरी ती बघतच होती. एकही टिंब जास्त नव्हतं.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी फोन किंवा टॅब घ्यायला जाल, तेव्हा दुकानदाराला आकडे सांगू द्या. तुम्ही मात्र आधी तुमचं नाव मराठीत लिहून बघा.